मुकं जेवण

माझ्या कानांबद्दल सांगितलं की लोक लगेच आवाज खाली करून बोलायला लागतात, आणि माझं डोकं तिथंच फिरतं. अहो, मोठ्यानं बोला. हवं तर ओरडा. मोठ्या आवाजांचं आणि माझं कधी वाकडं नव्हतंच. धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कपाटं बनवणाऱ्याचं दुकान होतं. तिथं सकाळपासून पत्रा ठोकत. त्या ठणठणाटात मी दहावीचा अभ्यास केला आणि बऱ्या मार्कांनी पास झालो. लग्नसराईत दारासमोर बँड वाजत असला तरी मी खुशाल डुलकी काढत असे.

मला नडायचे ते बारीक आवाज. शेजारच्यानं पापड मोडला, काकडीचा तुकडा दाढेखाली घेतला, बशीतला चहा भुरकला, नाक वर ओढलं, की माझ्या मानेपासून टाळूपर्यंत काहीतरी सरसरत जायचं आणि पाठोपाठ राग यायचा. साधा वैताग नव्हे. समोरच्याच्या हातातली बशी हिसकावून भिंतीवर आपटावी असा राग. दोन मिनिटांनी तो उतरायचा आणि मग आपलीच शरम वाटायची. यात आणखी एक गोम होती. परक्या माणसाचं चावणं मी दात आवळून सोसू शकत असे. घरच्याचं नाही. माणूस जितकं जवळचं, तितका त्याचा आवाज जास्त लागायचा. हे कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर ज्यांच्यावर माझा जीव होता तीच माणसं दुखावली असती.

आमचे आबा शाळामास्तर. सकाळी बशीत चहा ओतून ते असा काही भुरका घ्यायचे की दारातलं मांजर मान वर करून बघायचं. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा त्यांच्या समोरून ताट सोडून उठलो आणि गच्चीवर जाऊन बसलो. आबांनी मला खाली आणून दोन ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवसापासून आईनं मला सगळ्यांच्या आधी, एकट्याला जेवायला वाढायला सुरुवात केली. आबांना सांगितलं, त्याला भूक लवकर लागते. आईचा जीव, दुसरं काय. पण त्यातून मी एक भलतंच शिकलो. मला त्रास होत असेल तर बाकीच्यांनी सरकून जागा करून द्यायची असते, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढे आईनं मला कानाच्या डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं, मळ काढला, घड्याळ दूर धरून टिकटिक ऐकू येते का विचारलं. मला ती दारापलीकडूनही येत होती. डॉक्टर हसले. म्हणाले, "कान ठणठणीत आहेत, उलट जरा तिखटच आहेत." आईला इतकं बरं वाटलं की येताना तिनं मला कुल्फी घेऊन दिली. या त्रासाला काही नाव असतं हे त्या काळात आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चिडका आहे, एवढंच घरादाराचं निदान होतं, आणि ते काही अगदीच चूक नव्हतं.

नोकरी जळगावला लागली, सरकारी कचेरीत, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. बाहेर चार टाइपरायटर खडखडत असायचे. त्यांचा काही त्रास नव्हता. शेजारच्या टेबलावरचे कारकून सुपारी फोडायचे तेव्हा मात्र मी उठून कपाटातल्या फायली लावायला जायचो. साहेबांना वाटायचं, मुलगा कामसू आहे. बढतीच्या वेळी त्यांनी तसं लिहूनही दिलं.

लग्न झालं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे. बायको भडगावची, शेतकऱ्याच्या घरची, पाच भावंडांत वाढलेली. हसायची मोठ्यानं, बोलायची मोठ्यानं. मला ते आवडायचं. आम्ही जळगावला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आमच्याकडे आणि तिच्याकडेही बायका मागून जेवायच्या. पण मी शहरातला शिकलेला नवरा. मी म्हटलं, आपण दोघं एकत्रच बसायचं. तिला फार कौतुक वाटलं त्याचं. तिनं माहेरी पत्रात तसं कळवलंसुद्धा.

तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाणी जास्त प्यायचो, मध्येच बोलायला लागायचो, घास घेऊन खिडकीशी जायचो. मग एका रविवारी खिचडी होती. तिनं उडदाचा पापड भाजला, माझ्या ताटात एक ठेवला, स्वतःला एक घेतला आणि मांडी घालून बसली. तिनं पहिला तुकडा मोडला, तोंडात घातला. दुसरा मोडला. तिसऱ्याला मी ओरडलो, "जनावरासारखं काय चावतेस?"

हे वाक्य मी आजही जसंच्या तसं लिहू शकतो. तिनं उरलेला पापड ताटाच्या कडेला ठेवला. रडली नाही, उलटून बोलली नाही. खिचडी तेवढी संपवली. रात्रीपर्यंत मी चारदा माफी मागितली. मला आवाजाचा त्रास होतो, लहानपणापासूनच, तुझ्यावर राग नाही, असं जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या जेवणाचा आवाज यायचा बंद झाला.

मी हे अगदी सहज लिहिलं, कारण तेव्हा मला ते सहजच वाटलं. ती माझ्या समोरच बसायची. आम्ही बोलायचोही. पण तिच्या ताटातून, तोंडातून, हातातून आवाज येत नसे. मला वाटलं, चला, समजूतदार आहे, लवकर वळण लागलं. कचेरीत कुणी बायकोची तक्रार करत असला की मी मनातल्या मनात खूश व्हायचो. आमच्याकडे कशी शांतता! ती कशी येते याचा मी चार वर्षं विचार केला नाही. तिखट कानाचा माणूस मी, पण जे ऐकू येत नाही त्याकडे कान द्यायचं मला कधी सुचलं नाही.

चौथ्या वर्षी आखाजीला ती माहेरी गेली. आमच्याकडे अक्षय तृतीयेला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आठ-दहा दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. मी तिला आणायला भडगावला गेलो तो ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. कचेरीला सुटी जोडून आली होती. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. सासरवाडीच्या दाराशी चपला काढतो तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

कुणीतरी बिबडी खात होतं. ज्वारीचा घाटा शिजवून, धोतरावर थापून, उन्हात वाळवलेला आमच्याकडचा हा पापड साधा पापड नव्हे, चांगला जाड असतो. भाजून, वर तेल सोडून, दाण्यांबरोबर खातात. जी कोण बाई आत होती ती तो इतक्या जोरात चावत होती, मध्येच तोंड भरलेलं असताना खदाखदा हसत होती, पुन्हा चावत होती, की माझी मान ताठ झाली. मनात म्हटलं, काय ही बाई! हिच्या घरचे हिला कसं सोसत असतील?

मी आत गेलो. ती माझी बायको होती.

भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर बिबड्यांची परात घेऊन ती बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण आणि सासूबाई. मी दिसलो तशी ती हसायची थांबली. गालात घास होता. तो तिनं तसाच धरून ठेवला. मग, माझ्याकडे बघत, न चावता गिळला. एवढा मोठा, कडक घास. गळा खालीवर झालेला मी पाहिला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि तिनं परात बाजूला सारली.

"या जवाईबापू, बसा," सासूबाई म्हणाल्या. "पानी आन वं."

बहीण पाण्याला उठली आणि जाता जाता हसून म्हणाली, "आक्कानं वरत तठे शे. आठे सुटी!"

आक्काचं व्रत तिकडे आणि इथं सुटी, म्हणजे काय ते मला कळलं नाही. पाणी पिऊन झालं, ख्यालीखुशाली झाली. मग बायको चहा ठेवायला गेली तेव्हा सासूबाई पुढे सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जवाईबापू, चार वरीस व्हयनात. इतलं मुकं जेवन पोरले बरं नही. या कार्तिकमा उद्यापन करी टाका. देव काय ते दी."

मी मान डोलावली. माझ्या बायकोनं कसलंसं व्रत धरलंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि ज्याच्या समोर ती रोज दोनदा जेवते त्यालाच पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावची एसटी धरली. स्टँडवर तिनं नेहमीप्रमाणे भाजलेल्या शेंगांचा मोठा पुडा घेतला. बस निघाली. खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या, गिअर बदलताना सगळी गाडी कण्हत होती, मागे कुणाचं तरी पत्र्याचं पिंप आदळत होतं. ती शेंगा फोडून खात होती, एकामागून एक. आम्ही प्रवासाला निघालो की ती शेंगाच घेते, कधी फुटाणे, कधी मक्याचं कणीस. मी तिला चिडवायचो, बसमध्ये बसलं की तुझ्या तोंडाला चाक लागतं म्हणून. त्या दिवशी पाचोऱ्याच्या अलीकडे मी तिला विचारलं, "कसलं व्रत गं?"

तिनं शेंगेतले दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून टरफलं उडवली आणि म्हणाली, "तुमच्या कानांचं."

मग तिनं सांगितलं. एसटीच्या खडखडाटात तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि कदाचित म्हणूनच ती बोलू शकली. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाई चार दिवस आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी पाहिलं की पोरगी भाकरी वरणात पार लगदा होईपर्यंत भिजवून ठेवते. पापडाला हात लावत नाही. कांदा खात नाही, काकडी खात नाही. चहा थंड करून घेते, म्हणजे फुंकावा नको, भुरकावा नको. बांगड्या कोपराकडे सरकवून मगच ताटाशी बसते. घास तोंडात घेतला की ओठ मिटून, जिभेनं दाबून, हळूहळू गिळते. बोलते ती दोन घासांच्या मध्ये. सासूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय? तर हिनं सांगितलं, मी मुक्या जेवणाचं व्रत घेतलंय. चातुर्मासात बायका मौनानं जेवण्याचा नेम धरतात, तसा. मी बारमाहीच धरलाय.

"खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? नवऱ्याला माझं खाणं बघवत नाही म्हणून?" ती म्हणाली. "आई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गेली असती."

सासूबाईंनी मग त्यातून स्वतःच अर्थ काढला. लग्नानंतर लगेच व्रत म्हणजे ते मूल व्हावं म्हणून असणार. हिनं नाही म्हटलं नाही. आम्हाला चार वर्षं मूल नव्हतं, त्यामुळे गोष्ट आणखी पक्की झाली. भडगावच्या आळीतल्या बायका तिच्याकडे मायेनं बघायच्या, ओटी भरताना डोळे पुसायच्या. जळगावची आमची शेजारीणही एकदा माझ्यासमोर म्हणाली होती, वहिनींसारखी निष्ठा पाहिली नाही. मला वाटलं होतं, ती हिच्या स्वयंपाकाबद्दल बोलतेय.

"चार वर्षं!" मी म्हटलं. "मला एकदा सांगायचं तरी."

"तुम्हाला त्रास होतो ते दिसतं ना मला. मुद्दाम थोडंच करता." तिनं पुडा माझ्यापुढे केला. "घ्या."

खरं सांगतो, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणाला माझ्याकडे उत्तरं तयार होती. मी एक शेंग घेतली आणि बस पाचोऱ्याच्या स्टँडमध्ये शिरेपर्यंत हातातच धरून बसलो.

मग मी ठरवलं की हे संपवायचं. घरी आल्यावर मी जाहीर केलं, उद्यापासून तू हवं तसं खा. पापड खा, कांदा खा. ती बसली. मी रेडिओ मोठा करून बसलो. तिनं कांद्याची फोड घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कानात कापूस घातला. तिनं मला काही विचारलं, मी "काय?" म्हटलं, तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा "काय?" म्हटलं, आणि तिला हसू फुटलं. आठवडाभरात तिची भाकरी परत वरणात भिजायला लागली. मी पाहिलं आणि गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. तेच मला पुढे कित्येक दिवस खात राहिलं.

म्हणून उद्यापनाचं मीच मनावर घेतलं. ती नकोच म्हणत होती. "खोट्या व्रताचं कसलं उद्यापन? देवाची थट्टा होईल."

"खोटं कसं? चार वर्षं पाळलंस की नाही?"

मला वाटलं, सगळ्यांसमक्ष एकदा व्रत सुटलं की हिला चारचौघांत खावंच लागेल, आणि मलाही सोसावंच लागेल. आमच्या कचेरीत एखादं प्रकरण मिटवायचं असलं की फायलीवर शेरा मारून दोरी बांधतात. माझी अक्कल तेवढीच धावली.

गुरुजींनी यादी दिली. तीळ, वस्त्र, पाच सवाष्णी जेवायला आणि देवळात वाहायला एक घंटा. मी विचारलं, घंटा कशाला? ते म्हणाले, "मौनाच्या व्रताला घंटाच देतात. इतके दिवस जो आवाज धरून ठेवला, तो देवाच्या दारी सोडायचा."

मी भांड्यांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं पितळेच्या सात-आठ घंटा समोर मांडल्या आणि एकेक उचलून वाजवायला लागला. "आवाज बघा साहेब. हिचा लांब जातो. हिचा जरा बसका आहे." मी अर्धा तास तिथं उभा होतो. त्या अख्ख्या वेळात माझ्या मानेवरचा एक केससुद्धा हलला नाही. घंटा कानाशी धरून वाजवली तरी मला काही होत नव्हतं. आणि घरी एक बाई कांद्याची फोड खाऊ शकत नव्हती. मला त्या दुकानात माझ्या कानांचा एवढा संताप आला की मी जी हातात होती तीच बांधून द्या म्हटलं.

कार्तिकातली एकादशी झाली आणि दोन दिवसांनी आम्ही उद्यापन ठेवलं. सासूबाई आणि धाकटी मेहुणी आदल्या दिवशीच आल्या. सकाळी जवळच्या देवळात जाऊन घंटा वाहिली. परत आल्यावर बायकांची पंगत बसली. थंडी पडायला लागली होती, नवीन वांगी आली होती. भरीत, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या, कांद्याची पात, आणि ताटात डावीकडे मुळ्याच्या लांब फोडी. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की व्रत सोडणारीनं पहिला घास बोलून, सगळ्यांना ऐकू जाईल असा घ्यायचा.

पुरुषमाणसाचं तिथं काही काम नव्हतं. पण मी पाट घेऊन तिच्या समोर बसलो. आज पळायचं नाही, हे मी पंधरा दिवस घोकलं होतं. सासूबाईंना माझं फार कौतुक वाटलं. शेजारीण दुसरीला म्हणाली, बघा, बायकोच्या व्रताला समोर बसलेत.

बायकोनं ताटाभोवती पाणी फिरवलं. देवाचं नाव घेतलं. मुळ्याची फोड उचलली आणि दात लावला.

मी हसरा चेहरा धरून बसलो होतो. मांडीखाली मुठी वळलेल्या होत्या. तिनं एकदा चावलं, दोनदा चावलं. माझी मान ताठ झाली, पण मी हसू सोडलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा चावताना तिचा जबडा हळू झाला. मग आणखी हळू. ओठ मिटले. तिनं फोडीचा तो तुकडा गालात घेतला आणि तो मऊ होण्याची वाट बघत बसली. पाच बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि खोलीत आवाज नव्हता.

"आवो आक्का, चाव ना," मेहुणी म्हणाली.

बायकोनं तो घास कसाबसा गिळला. मग मला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर जा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "का? मी बसतो की. मला काही होत नाहीये."

"होतंय. दिसतंय मला." तिचा आवाज चढला नव्हता, पण पहिल्यांदाच तो पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "तुमचं सोसणं बघत बघत मी कशी जेवू? त्यापेक्षा माझं मुकंच बरं होतं. तुम्ही जा, फिरून या. मला जेवू द्या."

मला राग आला. एवढी धडपड कुणासाठी केली मी? पाहुण्यांसमोर नवऱ्याला उठवते? सासूबाई तिच्यावर खेकसल्या, "मानूसले आसं बोलतस का वं? त्या तुन्हासाठे बठ्ठं करी राहिनात!"

ती खाली मान घालून बसली. आता ती माफी मागेल आणि सगळं पुन्हा चार वर्षं मागं जाईल, हे मला स्पष्ट दिसलं. मी तोंड उघडलं नाही तर तिनं धरलेलं खोटं तिलाच निस्तरावं लागणार होतं, तेही सगळी वाहवा माझ्या पदरात टाकून.

"आई," मी म्हटलं, "व्रत नव्हतंच. मला तिच्या खाण्याचा आवाज सहन होत नाही. लहानपणापासून माझे कान तसे आहेत. लग्नानंतर एकदा मी तिला जनावर म्हणालो. तेव्हापासून ती अशी जेवते. तुम्ही तिला परत नेऊ नये म्हणून ती तुमच्याशी खोटं बोलली."

शेजारणीचा हात पुरीवर तसाच राहिला. मेहुणी माझ्याकडे बघायचं टाळत होती. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. सासूबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या हळू म्हणाल्या, "चार वरीस मी देवले मागी राहिनी, मन्ही पोरनं मागनं पुरं कर."

त्यांनी पोरीच्या ताटाकडे पाहिलं. एका मुळ्याच्या फोडीला दातांची खूण होती.

"पोरनं मागनं ते आठेच, घरमाच व्हतं."

मी उठलो. कुणी बस म्हणालं नाही. दारात चपला सरकवल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. रस्त्यावर दुपारचं कुणी नव्हतं. मी चार घरं ओलांडली असतील नसतील तोच मागून आवाज आला. आधी एक, कोरडा, कडक, मग लगेच दुसरा. कुणाचा ते मला विचारावं लागलं नाही. माझी मान ताठ झाली. राग आला, अगदी तसाच, पहिल्या दिवशी आला होता तितकाच. मी चालत राहिलो, आणि तिचं पोटभर जेवून होईपर्यंत घराकडे फिरलो नाही.